ड्युटी, जागरण आणि रुग्ण: निवासी डॉक्टरांच्या झोपेविषयी तुमचे प्रश्न

निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता रुग्णालयात पूर्णवेळ काम करणाऱ्या डॉक्टरांच्या, ड्युटीच्या तासांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं आली ती डॉक्टरांची, त्यांच्या घरच्यांची, परिचारिकांची आणि रुग्णांच्या नातेवाइकांचीही. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत.

माझी मुलगी मुंबईत स्त्रीरोग विभागात पहिल्या वर्षाला आहे. चार-चार दिवस फोन नसतो. आला तर म्हणते, "आई, छत्तीस तास झाले, आता झोपते." इतके तास काम करून घेणं नियमात बसतं का? आम्ही काय करावं? (एक आई, सातारा)

नियमात बसत नाही. केंद्र सरकारच्या 5 जून 1992च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलंय की सलग काम साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्याचं काम साधारण 48 तासांचं असावं आणि पाळीपाळीने आठवड्याची एक सुट्टी मिळावी. पण त्यातच 'कामाची निकड पाहून' अशी सवलत आहे आणि सरकारी रुग्णालयात निकड नाही असा दिवस उगवत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023च्या पदव्युत्तर नियमावलीत 'वाजवी तास' आणि 'वाजवी विश्रांती' असे शब्द आले, वर्षाला किमान 20 दिवस पगारी रजा आली, साप्ताहिक सुट्टीही आली. पण वाजवी म्हणजे किती तास, तो आकडा आला नाही. आकडा दिला तो आयोगाच्याच कृतिदलाने, 2024च्या मानसिक आरोग्याच्या अहवालात: आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास. म्हणजे एक 24 तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक पूर्ण सुट्टी. मात्र ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या प्रकरणाच्या सुनावणीत, ऑगस्ट 2024 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने 36 तासांच्या ड्युटीला अमानुष म्हटलं. तरीही वॉर्डातलं वेळापत्रक अजून बरंचसं जुनंच आहे.

छत्तीस तास होतात कसे, तेही समजून घ्या. युनिटचा, म्हणजे विभागातल्या डॉक्टरांच्या एका गटाचा, इमर्जन्सी डे (तातडीचे रुग्ण घेण्याचा दिवस) समजा सोमवारी सकाळी 8 ला सुरू होतो. रात्रभर कॅज्युअल्टी, लेबर रूम, ओटी (शस्त्रक्रियागृह). मंगळवारी सकाळी 8 ला दुसरं युनिट इमर्जन्सी घेतं, पण तुमच्या मुलीच्या युनिटने रात्रीत भरती केलेले सगळे रुग्ण तिच्याच अंगावर असतात. त्यांचा राउंड, तपासण्या, रिपोर्ट आणणं, नातेवाइकांशी बोलणं, नोट्स लिहिणं. हा 'पोस्ट-इमर्जन्सी' दिवस रात्री आठपर्यंत लांबतो. ड्युटीचा तक्ता पाहिला तर त्यात फक्त सोमवारचं नाव दिसतं, म्हणून कागदावर 24 तासच भरतात.

तुम्ही विभागप्रमुखांना परस्पर फोन करू नका, त्याचा त्रास तिलाच होतो. तिला सांगा, वॉर्डात शिरल्याची आणि निघाल्याची वेळ रोज मोबाइलमध्ये लिहून ठेव. चार आठवड्यांची अशी नोंद घेऊन त्या युनिटमधल्या सगळ्यांनी मिळून मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीमार्फत अधिष्ठात्यांकडे जावं. एकट्याची तक्रार 'हिला झेपत नाही' म्हणून बाजूला पडते. आणि सीनियर शिक्षा म्हणून जादा रात्री लावत असेल, चूक झाली म्हणून झोपू देत नसेल, तर तो ड्युटीचा प्रश्न राहत नाही, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात 1999चा रॅगिंगबंदी कायदा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 वर तक्रार करता येते.

घरून एक गोष्ट नक्की करता येईल. ड्युटी संपलेल्या दिवशी "झोपलीस का?" असं विचारायला फोन करू नका. त्या फोननेच जाग येते. उठल्यावर तिने एक मेसेज टाकावा, एवढं आपसात ठरवा.

सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी त्रास झाला, आता सवय झालीय. 24 तासांनंतरही फ्रेश वाटतं. सीनियर म्हणतात, सर्जन असाच घडतो. खरं आहे का? (निवासी डॉक्टर, नागपूर)

'फ्रेश वाटतं' हे खरं आहे, धोका तिथेच आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सलग 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. दिवे दिसताच बटण दाबायचं, अशी साधी लक्ष-चाचणी रोज घेतली. दोन आठवड्यांनी त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली गेली होती. पण 'किती झोप येतेय' या प्रश्नाचं त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर जवळपास बदललंच नाही. झोपेची जाणीव बोथट होते. चुका मात्र वाढत राहतात.

दुसरी तुलना तुम्हाला लगेच पटेल. 1997च्या एका अभ्यासात सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसांचं हात-डोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं झालं, 24 तासांनी साधारण 0.10 टक्के असल्यासारखं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायला मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. ज्या अवस्थेत पोलिस तुम्हाला स्कूटर चालवू देणार नाहीत, तिच्याहून वाईट अवस्थेत तुम्ही सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकता.

सवय हाताला होते. टाका घालण्यासारखं घोटलेलं काम पहाटेही बऱ्यापैकी जमतं. कोसळतं ते न घोटलेलं काम: पोट दुखणाऱ्या बाईचं निदान पुन्हा तपासून पाहणं, ठरलेला विचार बदलणं, सहा रुग्णांपैकी कुणाकडे आधी जायचं हे ठरवणं. सर्जन घडतो तो याच निर्णयांतून.

कॉलच्या रात्री मिळून दीड-दोन तास मिळतात. ते कधी झोपावं? चहा किती, कधी? (मेडिसिनचे निवासी डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर)

आधी दुपार सांभाळा. रात्रीची ड्युटी असेल त्या दुपारी दीड तास झोप काढली तर तिचा फायदा पहाटेच्या कुठल्याही डुलकीपेक्षा जास्त होतो. जागं राहिल्याने मेंदूत अ‍ॅडिनोसिन हे झोप आणणारं रसायन साठत जातं. ते साठायच्या आधी झोपलात, तर रात्रीची सुरुवातच कमी ओझ्याने होते.

रात्री एक तर 20 मिनिटं झोपा, नाहीतर पूर्ण 90 मिनिटं. चाळीस-पन्नास मिनिटांवर उठलात तर गाढ झोपेतून उठता आणि पुढची 15 ते 30 मिनिटं डोकं जड राहतं. 20 मिनिटांचा गजर लावा, झोपण्याआधी चहा घ्या. कॅफीन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उठताना तो हजर असतो. दोघं ड्युटीवर असाल तर 'मिळेल तेव्हा झोपू' असं म्हणू नका, कारण मग दोघंही अर्धवट जागे राहतात. 1 ते 3 एकाने, 3 ते 5 दुसऱ्याने, फोनही त्या वेळेपुरता दुसऱ्याच्याच हातात, अशी वाटणी संध्याकाळीच करा.

कपभर चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीत त्याहून जास्त. निरोगी माणसाला दिवसभरात 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गर्भवती डॉक्टरला 200. ते अर्धं उतरायला सरासरी पाच तास लागतात. सकाळी 9 ला घरी जाऊन झोपायचं असेल तर शेवटचा चहा 3 ला. पहाटे पाचला चौघांबरोबर टपरीवर घेतलेला कटिंग गोड लागतो, पण दुपारची झोप खाऊन टाकतो. जेवण मध्यरात्रीच्या आत. तीनला भूक लागली तर केळं, दाणे, उपमा. वडापाव नको.

जागं राहण्याच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्या जाग आणतात, पण निर्णय परत आणत नाहीत आणि सुट्टीच्या दिवशीची झोपही बिघडवतात.

पहाटे डॉक्टर चुकतात ते आम्हाला दिसतं. सांगितलं तर चिडतात. वॉर्डात नेमकी कुठे नजर ठेवायची? (इन्चार्ज सिस्टर, कोल्हापूर)

सिस्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर देतो आहोत. शरीराचं घड्याळ साधारण 3 ते 5 या वेळेत सगळ्यात खाली असतं आणि नेमकी तेव्हाच सकाळच्या सॅम्पलची घाई सुरू होते.

पहिली जागा इन्सुलिनची. वॉर्डात मिलिलिटरला 40 युनिटची कुपी आणि 100 युनिटची कुपी, दोन्ही असतात. 100च्या कुपीतून 40च्या सिरिंजमध्ये, म्हणजे लाल टोपीच्या, दहाच्या रेघेपर्यंत ओढलं तर रुग्णाला 10 नव्हे, 25 युनिट जातात. अडीचपट. झोपेतल्या डोळ्यांना रेघ दहाचीच दिसते, म्हणून चूक करणाऱ्याला ती कळतही नाही. उपाय एकच: एका वॉर्डात एकाच ताकदीची कुपी आणि तिच्याच सिरिंजा. दुसरी ताकद स्टोअरला परत.

दुसरी जागा पोटॅशियम क्लोराइडची. 10 मिलिलिटरच्या 15 टक्के अँप्यूलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. आणि ही अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये सहज मिसळते. तिला वेगळा, कुलूपबंद डबा हवा. सलाइनमध्ये घालताना दोघांनी नाव मोठ्याने वाचायचं आणि बाटलीवर लगेच लेबल लावायचं.

तिसरी, रक्ताचे बल्ब, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटल्या. चौदा रुग्णांचे बल्ब टेबलावर आधीच नावं लिहून रांगेत ठेवले जातात आणि मग हाउसमन (कनिष्ठ निवासी डॉक्टर) ते घेऊन फिरतो. अदलाबदल होते ती इथेच. क्रॉसमॅचच्या (रक्त चढवण्याआधी जुळवून पाहण्याच्या) बल्बची झाली तर रक्तगट चुकतो आणि माणूस दगावतो. बल्बवर नाव रक्त काढल्यानंतर, रुग्णाच्या खाटेशीच लिहावं. "तुम्ही पाटील ना?" असं विचारू नये, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं नाव सांगा" म्हणावं. बोलता येत नसेल तर हातावरची पट्टी बघावी.

चौथी जागा फोनवरच्या ऑर्डरची. "सर, बारा नंबरचं बीपी ऐंशी" म्हटल्यावर झोपेतून "दीडशे द्या" असं उत्तर येतं. कशाचे, किती वेळात, ते येत नाही. सकाळी डॉक्टरला असं काही सांगितल्याचं आठवत नाही आणि तो खोटं बोलत नसतो. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाची आठवण तेवढा वेळ पक्की होत नाही. फोनवर आधी त्याला उठून बसायला सांगा, दिवा लावायला सांगा. मग रुग्णाचं नाव, औषध, मात्रा, वेग लिहून घ्या, परत वाचून दाखवा आणि त्याचा 'बरोबर' ऐकल्यावरच द्या. बीपी ऐंशी असेल तर फोनवर भागवूच नका, त्याला खाटेशी बोलवा.

डॉक्टर चिडतात त्याबद्दल. "तुम्ही चुकताय" याऐवजी "मला एकदा मात्रा वाचून दाखवा" म्हटलं तर बहुतेक वेळा चूक त्याची त्यालाच दिसते. तरीही चिडला, तर औषध देऊ नका, रजिस्ट्रारना (वरिष्ठ निवासी डॉक्टरांना) फोन करा. तो तुमचा अधिकार आहे.

वॉर्डात 'ओव्हर' देताना, म्हणजे ड्युटी संपवून पुढच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवताना, नेमकं काय सांगायचं? आम्ही यादी वाचतो, तरी काहीतरी सुटतंच. (निवासी डॉक्टर, गोवा)

यादी वाचून सुटणारच, कारण तीस नावांत कोणती तीन रात्री बिघडतील हे तिच्यात कुठेच नसतं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ओव्हरची ठरावीक पद्धत आणली आणि 2014 साली निकाल प्रसिद्ध झाले: वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या, टाळता येणारी इजा 30 टक्क्यांनी. पद्धत साधी आहे. आधी रुग्ण किती गंभीर ते. मग दोन वाक्यांत हकिगत. मग रात्री करायची कामं, वेळेसह. मग 'असं झालं तर तसं': "लघवी दोन तासांत 60 मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर मला नको, नेफ्रोला (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) फोन कर." आणि शेवटी घेणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. ही शेवटची पायरी सगळे गाळतात, आणि सुटलेलं काम नेमकं तिथेच सापडलं असतं. ओव्हर खाटेशी किंवा दार लावलेल्या खोलीत द्या. कॉरिडॉरमध्ये चालता चालता दिलेला ओव्हर म्हणजे नुसता निरोप.

नवरा अ‍ॅनेस्थेशियात आहे. नाइटनंतर बाइकवरून वीस किलोमीटर येतो. ऐकत नाही. (पुणे)

हा आकडा त्यांना दाखवा. अमेरिकेतल्या 2,737 इंटर्नच्या 2005 सालच्या अभ्यासात 24 तासांपेक्षा लांब ड्युटीनंतर घरी जाताना अपघाताची शक्यता 2.3 पट होती आणि थोडक्यात वाचण्याचे प्रसंग सुमारे सहापट. मेंदू काही सेकंद झोपतो, डोळे उघडेही असतात. ताशी 40 किलोमीटरला बाइक सेकंदाला 11 मीटर जाते. तीन सेकंदांत 33 मीटर, चालवणाऱ्याशिवाय.

खिडकी, गाणी, तोंडावर पाणी, यांचा उपयोग पाच-दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. रुग्णालयातच दीड तास झोपून, उठल्यावर अर्धा तास थांबून निघावं. नाहीतर बस, लोकल, रिक्षा. बाइक तिथेच राहू द्यावी.

पहाटे साडेचारला सुई टोचली. ड्युटी संपल्यावर बघू म्हणून सोडलं. चालेल का? (इंटर्न, सोलापूर)

नाही. लांब ड्युटीत आणि रात्री सुई टोचण्याचं प्रमाण वाढतं आणि उपचार लांबवण्याचंही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट लावू नका. लगेच कॅज्युअल्टीत नोंद करा. रुग्णाची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, तुमचीही. एचआयव्हीसाठीचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर उपयोग नाही, कोर्स 28 दिवसांचा. हिपॅटायटिस बीची लस घेतली असली तरी प्रतिपिंडांची पातळी कधी मोजली होती का, ते बघा. हे वाचताना 72 तास झाले नसतील तर मासिक बाजूला ठेवून आत्ता जा.

रूममेट ड्युटी नसतानाही झोपत नाही. रडते. परवा म्हणाली, "सकाळ झालीच नाही तर बरं." काय करू? (निवासी डॉक्टर, मुंबई)

हे थकव्याचं बोलणं समजून सोडू नका. तिला थेट विचारा, "मरण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. आपल्याच कॉलेजमध्ये नको वाटत असेल तर बाहेर. टेलिमानस, क्रमांक 14416, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांपैकी ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याला बोलवा. ड्युटी बदलण्याचं युनिटशी तुम्ही बोला. तिला बोलायला लावू नका.

माझ्या युनिटमध्ये सहा निवासी आहेत. तास कमी करायची इच्छा आहे, पण रुग्ण कोण बघणार? माणसं न वाढवता काही होईल का? (सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन)

सर, सहा भरलेल्या जागा असतील तर बरंच होईल. आठवड्यातल्या रात्री मोजा. इमर्जन्सीच्या रात्री तिघं लागतात. उरलेल्या सहा रात्री वॉर्डासाठी एकेक. शेजारच्या युनिटशी बोलून त्या सहा रात्री दोन्ही वॉर्ड मिळून एकानेच बघायच्या ठरवलं, तर तुमच्या वाट्याला तीन येतात. तीन आणि तीन, सहा रात्री, सहा माणसं. प्रत्येकाला आठवड्यात एकच 24 तासांची ड्युटी.

आता इमर्जन्सीचा दिवस. सहाही जण सकाळी 8 ला या. रात्री 8 ला तिघं घरी. रात्रीच्या तिघांना दुपारी आळीपाळीने दीड तास सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला रात्रीचे तिघं लेखी ओव्हर देतील आणि 9 ला वॉर्डाबाहेर असतील. पोस्ट-इमर्जन्सी राउंड घेतील ते रात्री घरी झोपलेले तिघं, तुमच्याबरोबर. बिघाड होतो तो इथेच: "रात्रीच्या केसेस ज्याने घेतल्या त्यानेच प्रेझेंट करायच्या," असं वरिष्ठ म्हणतात, आणि 9चे दुपारचे 4 होतात. राउंड 9 ऐवजी 8 ला सुरू करा, रात्रीचे फक्त सगळ्यात गंभीर चार रुग्ण त्यांच्या तोंडून ऐका, बाकी कागदावरून. बाकीचे दिवस दहा तासांचे. 24 अधिक पाच वेळा दहा, साधारण 74. ड्युटीनंतरच्या दिवसाखेरीज वेगळी साप्ताहिक सुट्टी दिलीत तर 64.

पण नुसते तास कापून कामाचा ढीग तसाच ठेवू नका. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या सहा बाल-अतिदक्षता विभागांच्या चाचणीत लांब ड्युट्या बंद केल्यावर गंभीर चुका वाढलेल्या दिसल्या. खोलात गेल्यावर कळलं, एका डॉक्टरमागे रुग्ण वाढले होते. तो भार हिशेबात धरल्यावर फरक उरला नाही. तेव्हा निवासी डॉक्टर करतो त्यातलं डॉक्टरचं नसलेलं काम आधी काढा. सॅम्पल लॅबला पोचवणं, रिपोर्ट आणायला तीन मजले चढणं, एक्स-रेची ट्रॉली ढकलणं, रक्तपेढीत रांगेत उभं राहणं. एक आठवडा एका हाउसमनला ही कामं मिनिटांसह लिहायला सांगा आणि तो कागद घेऊन अधीक्षकांकडे जा. मामा (वॉर्डबॉय) आणि तंत्रज्ञ मागायला यापेक्षा मोठा पुरावा नाही.

सहाच्या जागी तिघंच असतील तर हे गणित बसत नाही. तिथे रात्रीसाठी सीनियर रेसिडेंट आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची नावं तक्त्यात यायलाच हवीत, तुमचंही.

वडील भरती आहेत. पहाटे आलेले डॉक्टर उभ्या उभ्या झोपत होते. त्यांना काही बोलावं का? (वाचक, ठाणे)

ओरडू नका, आणि गप्पही बसू नका. वडिलांचं पूर्ण नाव, असलेली अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं एका कागदावर ठळक लिहून खाटेशी ठेवा. इंजेक्शन देण्याआधी "हे कशाचं आहे, डॉक्टर?" एवढं विचारा. रक्त चढवायचं असेल तर पिशवीवरचं नाव आणि गट दोघांनी खाटेशी जुळवले का, ते बघा. ज्या प्रश्नांना सकाळपर्यंत वेळ आहे, ते सकाळच्या राउंडला विचारा.

आम्ही काही निवृत्त शिक्षक जिल्हा रुग्णालयाला देणगी देऊ इच्छितो. निवासी डॉक्टरांच्या उपयोगाचं काय द्यावं? (सांगली)

मशिनपेक्षा ड्युटी रूम द्या. आर. जी. करमधली तरुण डॉक्टर त्या रात्री विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. झोपायला स्वतःची, सुरक्षित जागा नसली की डॉक्टर असेच हॉलमध्ये, ओटीच्या टेबलावर, रिकाम्या खाटेवर आडवे होतात.

आधी अधिष्ठात्यांची किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांची लेखी परवानगी घ्या आणि खोली वॉर्डापासून चालत दोन मिनिटांच्या आत मागा. तळमजल्याच्या टोकाची खोली मिळाली तर घेऊ नका, तिथे कुणी झोपायला जाणार नाही. महिला डॉक्टरांची खोली वेगळी, संडास-न्हाणी आतच. दाराला आतून भक्कम कडी आणि पाहण्याचं भिंग, बाहेर रात्रभर दिवा. आत चार पलंग, रेक्सिनच्या गाद्या, धुवायला दोन जोड चादरी. खिडकीला जाड गडद पडदे, कारण नाइट संपवून दिवसाही झोपावं लागतं. प्रत्येक पलंगाशी चार्जिंगचा प्लग आणि छोटा दिवा, म्हणजे एकाला फोन आला तरी बाकीच्यांवर उजेड पडणार नाही. कुलपाचे कप्पे, पाण्याचा फिल्टर, किटली. आणि चादरी धुण्याचं काम नेमकं कुणाचं, ते परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या. ते नाही लिहिलं तर सहा महिन्यांत त्या खोलीत जुन्या फायलींचे गठ्ठे येऊन बसतात.